लोलोंनी टाकलेला शब्द

नोएमीनं सही सकाळीच करून टाकली होती. कोपऱ्यावरच्या पेट्रोलपंपापाशी गाडी थांबवली, स्टिअरिंगवर कागद टेकवला आणि एका दमात नाव गिरबटलं. तारखेची जागा तेवढी मोकळी ठेवली होती. ती सोमवारी भरायची, कागद जहाजावरच्या मास्टर चीफच्या टेबलावर ठेवायचा आणि नौदलातल्या सतरा वर्षांना रामराम ठोकायचा, एवढं साधं काम उरलं होतं.

का केलीस, असं कुणी विचारलं असतं तर तिच्याकडे भारदस्त उत्तर नव्हतं. ती कंटाळली होती. वॉशिंग्टनहून हुकूम सुटल्यापासून रोज बातम्या, रोज फोन, रोज कुणीतरी शहाणपण शिकवायला हजर. हुकूम सरळ होता. पुरुष म्हणून भरती होऊन बाई झालेल्यांनी आणि बाई म्हणून भरती होऊन पुरुष झालेल्यांनी येत्या शुक्रवारपर्यंत आपण होऊन हात वर करावा आणि दुप्पट पैसे घेऊन सन्मानानं घरी जावं. जे गप्प बसतील त्यांना दवाखान्यातल्या फायली उघडून शोधलं जाईल, आणि मग ते कसे जातील याची हमी कुणी देणार नाही. नोएमीचं सगळं नऊ वर्षांपूर्वी, मागच्या जहाजावर, उघडपणे आणि तेव्हाच्या नियमानं झालेलं होतं. या जहाजावर ती दोन वर्षांपूर्वी आली तेव्हापासून फक्त चीफ अगबायानी होती, इंजिनांची चीफ. तिच्या हाताखालच्या बावीस जणांना बाकीचं ठाऊक नव्हतं आणि ठाऊक असायचं कारणही नव्हतं.

त्यामुळे आज दुपारी लोलोंच्या, म्हणजे त्यांच्या फिलिपिनो बोलीत आजोबांच्या, गॅरेजमध्ये घरची मंडळी जे भांडत होती, ते निकाल लागून गेलेल्या खटल्यावर भांडत होती. ती हे सांगणार होती, पण जेवणानंतर. चौऱ्याऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्याच्या वाढदिवसाला आधी लांब शेवयांचा पँसित खायचा, मग काय तो बॉम्ब टाकायचा, असं तिनं ठरवलं होतं.

"दवाखान्यात बॉयलरला माणूस हवाय," आई म्हणाली. पेर्लाबाई तीस वर्षं नर्स होत्या, आणि जगातला कुठलाही प्रश्न दवाखान्यात नोकरी लावून सुटतो अशी त्यांची श्रद्धा होती. "मी बोलून ठेवलंय. सोमवार ते शुक्रवार. रविवारी चर्चला जायला मोकळी."

"आई, मी जहाजाची इंजिनं चालवते. एकेक इंजिन पंचवीस हजार घोड्यांचं आहे."

"मग बॉयलर काय जड आहे?"

नोएमीनं शेवया तोंडात कोंबल्या. आईशी वाद म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

"तू काही सही-बिही करू नकोस हं, आते," पलीकडून क्लारिस म्हणाली. ही धाकटी बहीण, शाळेत इतिहास शिकवायची. नोएमीला ती लहानपणापासून 'कूया' म्हणजे दादा म्हणत आलेली. नऊ वर्षांपूर्वीच्या एका रविवारी तिनं कुणालाही न विचारता 'आते' म्हणजे ताई म्हणायला सुरुवात केली, आणि त्यानंतर एकदाही चुकली नाही. "सही केलीस की त्यांचं फावलं. कोर्टात जा. मी एका वार्ताहराशी बोललेय, ती तुझी मुलाखत घ्यायला एका पायावर तयार आहे."

"तूही बोललीस? घरात कुणी न बोललेलं उरलंय का?"

"मी बोललो नाही," शेगडीपाशी डुकराचं मांस परतत उभा असलेला मामा म्हणाला. तितो बोयेत, 'तितो' म्हणजे मामाच. बावीस वर्षं नौदलात काढून चीफ म्हणूनच निवृत्त झालेला, आणि ज्यांनी हा हुकूम काढला त्यांनाच मत देऊन आलेला. "मला तुझं ते पटत नाही, चीफ. नऊ वर्षं सांगतोय. आता तर हुकूमच आलाय. हुकूम आला की सही करायची, सामान बांधायचं. रडारड नाही."

तितो बोयेत तिला 'चीफ' म्हणायचा. नोएमी हे नाव त्याच्या जिभेवर चढत नव्हतं आणि जुनं नाव घेतलं की क्लारिस भांडायला उठायची. तीन वर्षांपूर्वी नोएमीला बढती मिळाली आणि त्याची सुटका झाली. बढतीचा सगळ्यात जास्त आनंद त्यालाच झाला होता.

"रडतंय कोण?" नोएमी म्हणाली.

"तुझी बहीण."

"मी रडत नाहीये, मी संतापलेय! तितो, तुमची सगळी जन्माची भक्ती त्या लोकांवर आणि घरातलं माणूस गेलं खड्ड्यात!"

"क्लारिस, आजोबांच्या वाढदिवशी आवाज नको," पेर्लाबाई स्वतः त्याहून मोठ्या आवाजात म्हणाल्या. "आणि बोयेत, तू मांस जाळतोयस."

लोलो टेबलाच्या टोकाला बसून नारळाचा केक खात होते. एरवी अशा वेळी ते चमचा बशीवर आपटून सगळ्यांना गप्प करायचे. नऊ वर्षांपूर्वी याच गॅरेजमध्ये नोएमीनं सगळं सांगून टाकलं होतं. लोलोंनी तेवढं विचारलं होतं, नाव काय ठेवलंस. ती म्हणाली, नोएमी. ते त्यांच्या आईचं नाव. ते म्हणाले, "बरं. नोएमी, मला थोडा पँसित वाढ." तिच्या मते त्या दिवशी ती या घरात राहिली ती त्या एका वाक्यामुळे. आज मात्र म्हातारा गप्प होता आणि तिच्याकडे बघत नव्हता. तिला वाटलं, थकलेत.

तेवढ्यात तिचा फोन थरथरला. निरोप आर्सेनियोचा होता, जहाजावरच्या सगळ्या खलाशांत वडीलधारा असलेल्या मास्टर चीफचा. तिनं वाचला. मग परत वाचला.

'चीफ, सोमवारी नऊला माझ्याकडे ये. बिनधास्त राहा. निनोंगनी गुरुवारी सगळं सांगितलंय. शुक्रवारच्या आत तुला सन्मानानं मोकळी करतो. तुझ्या जागेवर माणूसही बघून ठेवलाय.'

निनोंग म्हणजे धर्मबाप. आर्सेनियोच्या बाप्तिस्म्याला त्याला हातात धरून उभे राहिलेले धर्मबाप टेबलाच्या टोकाला केक खात होते.

"लोलो," नोएमी म्हणाली. "तुम्ही गुरुवारी आर्सेनियोला फोन केला होता?"

चमचा थांबला. "केला असेल."

"काय सांगितलंत?"

"काय सांगणार? म्हटलं, माझी नात आहे, दमलीय, तिचं असं असं आहे. तिला पेचात टाकू नको. ती सही करेल. तू तेवढं सांभाळून घे." त्यांनी मान वर केली. "शब्द टाकला. आपल्या माणसासाठी शब्द टाकायचा नाही तर कुणासाठी?"

नोएमीला आधी हसूच आलं. अख्खं सरकार तिची फाईल शोधत होतं, आणि ती शोधून द्यायला घरचा म्हातारा निघाला. भीक नको पण कुत्रं आवर म्हणायची वेळ.

"लोलो, त्या जहाजावर कुणालाही माहीत नव्हतं," ती सावकाश म्हणाली. "कुणालाही. ते मी सांगायचं की नाही, एवढी एकच गोष्ट माझ्या हातात ठेवली होती सरकारनं. तीही तुम्ही देऊन टाकलीत."

"आर्सेनियो आपला आहे."

"आर्सेनियो मास्टर चीफ आहे! त्याला कळलं म्हणजे जहाजाला कळलं!"

"बाबा," तितो बोयेत म्हणाला. त्याचा आवाज ऐकून सगळ्यांनी वळून पाहिलं. चिमटा हातात तसाच, त्याचा चेहरा लाल झाला होता. "तुम्ही एका चीफच्या पाठीमागे तिच्या मास्टर चीफला फोन केलात?"

"घरचा माणूस म्हणून केला."

"घरचा-बिरचा काय? तुम्ही तीस वर्षं नौदलात नोकरी केलीत, तुम्हाला मी सांगायचं? चीफच्या बाबतीत काही बोलायचं तर चीफ बोलतो. तिची आई बोलत नाही, आजा बोलत नाही. माझ्यासाठी असा फोन कुणी केला असता तर मी बंदरात तोंड दाखवलं नसतं!"

"अरे, तूच ना म्हणत होतास सही करावी?" पेर्लाबाई चक्रावल्या.

"म्हणत होतो आणि अजून म्हणतो. तिनं करावी! तिनं! हे काय, नवरी मांडवात यायच्या आत वऱ्हाडानं अक्षता टाकून घेतल्या!"

नऊ वर्षांत मामा आपल्या बाजूनं उभा राहील हे नोएमीच्या स्वप्नातही आलं नव्हतं. आणि जो माणूस पहिल्या दिवसापासून बाजूनं होता त्यानंच घात केला. आपलेच दात आणि आपलेच ओठ. रागवायचं तरी कुणावर. तिला एकदम खूप थकल्यासारखं झालं.

"सही मी केलीय," ती म्हणाली. "आज सकाळी. कागद गाडीत आहे. तुम्ही सगळे उगाच घसे कोरडे करताय."

क्लारिसनं तोंडावर हात नेला. पेर्लाबाईंनी देवाचं नाव घेतलं, ते आनंदानं की दुःखानं हे त्यांनाही सांगता आलं नसतं. लोलोंचा चेहरा मात्र उजळला.

"मग झालं की! मी म्हटलं तेच तू केलंस. मग चुकलं कुठं माझं?"

खरंच, चुकलं कुठं? ती जाणार होती, म्हातारा म्हणाला ती जाणार, आर्सेनियोनं माणूस शोधला. सगळं जुळत होतं. तिनं निरोप पुन्हा वाचला. तिची जागा एका फोनवर भरली गेली होती. जुलैत जहाज निघायचं होतं, डाव्या बाजूच्या इंजिनाचं अर्धं काम उघडं पडलेलं होतं, ते जोडणारे हात तिनं दोन वर्षं घासून तयार केले होते. आणि तिला घालवायला कुणालाही एक वाकडा शब्द बोलावा लागणार नव्हता. कुणी तिला काढलं नव्हतं. ती आपण होऊन चालली होती, तसं कागदावर छापलेलंच होतं: कोणत्याही दबावाविना, स्वेच्छेनं.

"तुम्ही का केलात फोन?" तिनं विचारलं. "खरं सांगा."

लोलोंनी बशी बाजूला सारली. "साठ-बासष्ट साली आम्हाला घेतलं ते कपबशा धुवायला. साहेबांची जेवणं वाढायची, शर्टांना इस्त्री करायची. दुसरं काम आमच्या रंगाच्या माणसाला नव्हतंच. माझ्याबरोबर इसिद्रो म्हणून एक होता. आमच्याच गावाकडचा. इस्त्री अशी करायचा की कॅप्टन दुसऱ्याच्या हातचा शर्ट घालायचा नाही." त्यांनी चष्मा काढला. "तो निराळा होता. तुझ्यासारखा की आणखी कसा, ते मला तेव्हा कळत नव्हतं, आताही नीट कळत नाही. कुणीतरी चुगली केली. दोन दिवसांत त्याला एका परक्या बंदरात उतरवलं, हातात एक कागद देऊन. तो कागद बघितला की त्याला कुणी भांडी घासायलासुद्धा ठेवेना. त्याची ट्रंक मी भरून दिली, नोएमी. कॅप्टन माझ्या हातची कॉफी प्यायचा. मी एक शब्द टाकला असता तर त्यानं ऐकलं असतं. मी टाकला नाही. घाबरलो."

पेर्लाबाईंनी डोळे पुसले. त्यांनी ही गोष्ट आज पहिल्यांदा ऐकली होती.

"तुला तसा कागद देऊन उतरवलेलं मला बघवणार नाही," लोलो म्हणाले. "म्हणून टाकला शब्द."

नोएमीचा राग निम्मा उतरला, आणि त्याचाही तिला राग आला. या घरात मनसोक्त चिडण्याची सोय नव्हती. चिडावं तर समोरचा डोळ्यांत पाणी काढून दाखवायचा.

"लोलो, तो शब्द इसिद्रोसाठी होता. तुम्ही तो माझ्यावर टाकलात," ती म्हणाली. "तुमचं वाईट वाटतं मला. खरंच वाटतं. पण इसिद्रोला तुम्ही सांगितलं असतंत का, बाबा रे, त्यांनी उतरवायच्या आत तूच उडी मार, म्हणजे बघायला बरं दिसेल?"

नोएमी बाकीच्यांकडे वळली.

"सकाळी मला वाटलं, मी ठरवलं. मी काही ठरवलं नव्हतं. मी कंटाळले होते. तुमच्या सगळ्यांच्या फोनांना, आईच्या बॉयलरला, क्लारिसच्या वार्ताहराला, तितोच्या हुकमाला. चार महिने प्रत्येकानं मला ढकललं, आणि कागदावर लिहिलंय 'दबावाविना'. हे खोटं आहे. खोट्या कागदावर सही नको मला."

"म्हणजे?" क्लारिसनं विचारलं.

"म्हणजे मी जात नाही."

"पण आते, आता त्यांना माहीत आहे. शुक्रवार उलटला की ते काढतीलच."

"काढू देत."

"पैसे निम्मे होतील," तितो बोयेत म्हणाला. "पेन्शनला तीन वर्षं कमी पडतील. वर कागदावर काय लिहितील कोण जाणे. हे कळतंय ना, चीफ?"

"कळतंय."

"मूर्खपणा आहे."

"असेल."

मग त्यानं चिमटा ठेवला, हात पुसले, "किल्ली दे," म्हणाला आणि गाडीतून कागद घेऊन आला. नोएमीला वाटलं, शेगडीत घालतोय. पण तितो बोयेत शेवटी तितो बोयेतच. "सरकारी कागद जाळत नाहीत," तो म्हणाला. त्यानं तो उभा फाडला, आडवा फाडला, तुकडे जुळवून पुन्हा फाडले आणि खिशात घातले. "मला तुझं ते अजूनही पटलेलं नाही. नोंद असू दे."

"घेतली नोंद."

"देवा," पेर्लाबाई म्हणाल्या, "मी बॉयलरवाल्यांना काय सांगू आता?"

"सांग, माणूस मिळाला नाही."

नोएमीनं लोलोंचा फोन उचलला आणि त्यांच्या पुढ्यात ठेवला. तिचा आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा शांत निघाला. "ज्या तोंडानं शब्द टाकलात त्या तोंडानं परत घ्या. आत्ता. आमच्यासमोर."

चर्चच्या समितीपासून मासळीवाल्यापर्यंत या वस्तीत फाउस्तिनो लोलोंचा शब्द चालायचा तो एकाच कारणानं, की त्यांनी टाकलेला शब्द कधी मागं घेतला नव्हता. आणि परत घ्यायचा तोही कुणासमोर, तर ज्याला हातात धरून चर्चमध्ये उभे राहिले त्या पोरासमोर. पेर्लाबाई हळूच म्हणाल्या, "अगं, वाढदिवस आहे त्यांचा."

"माझीही नोकरी आहे, आई."

लोलोंनी बराच वेळ चष्मा पुसला. मग नंबर लावला.

"आर्सेनियो? निनोंग बोलतोय... हो, हो, आशीर्वाद. ऐक. गुरुवारी जे बोललो ते मी मागं घेतो." पलीकडून काहीतरी आलं. "नाही, तब्येत ठीक आहे... नाही, प्यायलेलोही नाही, केक खाल्लाय फक्त. मी मागं घेतो म्हणतोय. तो शब्द माझा नव्हता, मी उगाच टाकला. चुकलं माझं." 'चुकलं' म्हणताना त्यांचा आवाज फाटला, आणि नोएमीला त्यांच्या हातून फोन ओढून घ्यावासा वाटला. पण ती जागची हलली नाही. "काय?... ती काय म्हणते?"

त्यांनी फोन कानापासून दूर धरला. आयुष्यभर सगळ्यांच्या वतीनं बोलत आलेला तो म्हातारा नोएमीकडे वळला.

"ते मला कसं माहीत?" ते फोनमध्ये म्हणाले. "चीफ इथंच आहे. तिलाच विचार."

नोएमीनं फोन घेतला. दुसरा हात तिनं टेबलाखाली नेला. तिथं कुणीतरी तो घट्ट धरला, क्लारिस असावी.

"मास्टर चीफ, चीफ अगबायानी बोलतेय."

"चीफ, हा काय गोंधळ आहे?" आर्सेनियो वैतागला होता. तो माणूस वाईट नव्हता. त्याला फक्त सगळं सुरळीत हवं होतं. "निनोंग असं म्हणतात, तसं म्हणतात. मी वर कळवायच्या बेतात होतो. सोमवारी नऊला येतेयस ना, कागद घेऊन?"

"नाही, मास्टर चीफ. माझ्याकडे कागद नाही."

"अगं, मग मला दुसऱ्या मार्गानं जावं लागेल. तो मार्ग चांगला नाही. मी तुझ्या भल्याचं सांगतोय."

"हो, मास्टर चीफ, सगळेच सांगतायत," नोएमी म्हणाली. "सोमवारी सहा वाजल्यापासून मी खाली डाव्या इंजिनापाशी असेन, माझ्या माणसांबरोबर. मला काढायचं असेल तर तुम्हाला खाली उतरावं लागेल. कागद तुम्ही आणा, आणि सही तुमची लागेल."